गोदातीरीचा सिंह

शब्दाचा अर्थ मुलाला प्रथम कळतो कसा, या प्रश्नाचा विचार करताना आपल्या मीमांसकांनी एक साधा घरगुती प्रसंग निवडला आहे. घरातील वडीलधारा पुरुष गड्याला 'गाय आण' अशी आज्ञा करतो आणि गडी गोठ्यातून एक जनावर दाव्याला धरून घेऊन येतो. घटकाभराने तोच पुरुष 'गाय बांध, घोडा आण' असे म्हणतो आणि गडी पहिले जनावर खुंट्याला बांधून दुसरे घेऊन येतो. आणि हे सारे ओसरीवर बसून पाहणारे मूल, त्याला कोणी मुद्दाम काही शिकवीत नसताना, 'गाय' म्हणजे कोणते जनावर आणि 'आण' म्हणजे कोणती क्रिया, हे एक शब्द काढून दुसरा घातल्याने काय बदलते एवढ्यावरून मनाशी निश्चित करीत जाते. या रीतीला शास्त्रकारांनी 'वृद्धव्यवहार' असे नाव दिले, आणि अशा तऱ्हेने शब्दाशी जडलेल्या अर्थाचा बोध करून देणारी जी शब्दाची शक्ती तिला 'अभिधा' म्हटले. कोशात आपल्याला सापडतो तो हा वाच्यार्थ. तो सर्वांना सारखा असतो, आणि दोन पक्षांत वाद उपस्थित झाल्यास पंचांपुढे मांडता येतो.

परंतु याच मुलाला उद्या 'कावळ्यांपासून दही सांभाळ' असे सांगून घरची माणसे शेतावर गेली आणि दह्याच्या मडक्यापाशी कावळ्याऐवजी कुत्रे आले, तर ते मूल हातावर हात ठेवून बसत नाही, कुत्र्यालाही हाकलते; कुत्र्याविषयी कोणी अवाक्षर काढलेले नसताही हाकलते. हा दृष्टान्त, दह्याच्या जागी तूप घेऊन, वैयाकरण भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त दिला आहे, आणि तो मला फार मार्मिक वाटतो. कारण भाषा अद्याप पुरती अंगवळणी न पडलेले मूलसुद्धा शब्दाच्या पलीकडे जाते, आणि सांगणाऱ्याचा हेतू दही वाचवण्याचा आहे, कावळ्यांना शासन करण्याचा नाही, हे ओळखूनच शब्द ऐकते. केवळ अक्षरार्थाने भाषा समजणारा मनुष्य अशी जी कल्पना आपण पुष्कळदा करतो, तसा मनुष्य वस्तुतः कोठे आढळत नाही.

वाच्यार्थ अडला म्हणजे मन दुसऱ्या अर्थाकडे वळते, ती दुसरी शक्ती 'लक्षणा'. 'गंगेवर गवळीवाडा आहे' हे तिचे परंपरागत उदाहरण. प्रवाहावर वाडा उभा राहू शकत नाही, म्हणून मुख्यार्थाला बाध येतो. प्रवाहाच्या निकटचा जो तट तो अर्थ आपण घेतो. आणि 'तटावर' असे सरळ न म्हणता 'गंगेवर' म्हणण्यात त्या स्थळाची शीतलता आणि पावित्र्य सुचवण्याचे प्रयोजन असते. मुख्यार्थाचा बाध, त्याच्याशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एक, अशा तीन अटी 'काव्यप्रकाश'कार मम्मटाने घातल्या आहेत, आणि आपल्या रोजच्या बोलण्याला त्या लावून पाहिल्या तर बहुतेक ठिकाणी चोख लागू पडतात. दोघा भावांनी 'वेगळी चूल मांडली' याचा अर्थ स्वयंपाकघरात आणखी एक चूल आली एवढाच कोणी घेत नाही. मुलीचे 'हात पिवळे केले' म्हणजे नुसती हळद लावली असेही कोणी समजत नाही. 'कुशल' हा शब्द मुळात कुश नावाचे धारदार गवत हात न कापून घेता तोडणाऱ्याचा. आज तो कोणत्याही कामातील निपुण माणसाला लागतो आणि गवताची आठवणही कोणाला होत नाही. एके काळी केवळ सुचवलेला अर्थ वहिवाटीने वाच्यार्थाच्या गादीवर कसा येऊन बसतो, हे या शब्दात दिसते, आणि याचे महत्त्व पुढे येणार आहे.

येथवर नैयायिक, मीमांसक आणि वैयाकरण यांच्यात तपशिलाचे मतभेद असले, तरी शब्दाला दोन शक्ती पुरेत असे बहुतेकांना वाटत होते. इसवी सनाच्या नवव्या शतकात, अवंतिवर्मा (८५५–८८३) काश्मीरच्या गादीवर असताना, त्याच्या पदरच्या आनंदवर्धन नावाच्या पंडिताने या समजुतीला धक्का दिला. 'ध्वन्यालोक' या ग्रंथात त्याने असे प्रतिपादन केले की, वाच्य आणि लक्ष्य या दोहोंहून सर्वस्वी निराळा असा एक तिसरा अर्थ असतो, तो शब्दांत कोठेही उच्चारलेला नसतो, आणि तरीही उत्तम काव्याचे जीवित त्यातच असते. त्याला त्याने 'व्यंग्य' म्हटले, तो प्रकट करणाऱ्या व्यापाराला 'व्यंजना', आणि ज्यात तो प्रधान असतो त्या काव्याला 'ध्वनी'. महाराष्ट्रीयांनी अभिमानाने ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, हा सिद्धान्त मांडताना त्याने अगदी पहिला दाखला घेतला तो गोदावरीच्या काठचा, आणि तोही संस्कृतातील नव्हे, तर आपल्या मराठीची पूर्वज मानली जाणारी जी महाराष्ट्री प्राकृत, तिच्यातील. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'त ती गाथा आहे.

तिचा आशय असा. एक स्त्री आपल्या प्रियकराला गोदेकाठच्या एका कुंजात गुप्तपणे भेटत असते. त्याच बाजूला एक धार्मिक गृहस्थ पूजेची फुले वेचण्यासाठी रोज येऊ लागतो, आणि त्यामुळे तिच्या एकांताला अडथळा होतो. त्या गृहस्थाला तेथल्या एका कुत्र्याची भीती वाटत असते. ती त्याला मोठ्या आपुलकीने सांगते, की आता तुम्ही निश्चिंतपणे हिंडावे, ते कुत्रे आज मारले गेले. गोदेकाठच्या त्या कुंजात राहणाऱ्या मस्त सिंहानेच त्याला मारले. वाक्यातील प्रत्येक शब्द 'हिंडा' म्हणतो, आणि सबंध वाक्याने जो बोध होतो तो 'पुन्हा या बाजूला पाऊल टाकू नका' असा. विधीच्या पोटी निषेध दडलेला आहे, आणि मौज अशी की मुख्यार्थाला येथे यत्किंचितही बाध येत नाही. फुले वेचणारा मनुष्य कुत्रे मेल्यावर हिंडू शकतो, यात असंभाव्य असे काही नाही. म्हणजे लक्षणेची पहिली अटच पुरी होत नाही. शब्द आपले काम संपवून स्वस्थ बसलेला आहे, आणि अर्थ मात्र पुढे चालू लागला आहे.

यावर पुढील दोनशे वर्षे काश्मिरी पंडितांत जो वाद झाला, तो आपल्या वैचारिक इतिहासातील अत्यंत रसाळ वादांपैकी एक आहे. जयंतभट्टासारख्या नैयायिकाने ध्वनीच्या कल्पनेचा अवहेलनेने निर्देश करून तिला वाटेला लावले. दुसरे काही म्हणाले की अभिधाच एवढी बलवान आहे की बलाढ्य धनुर्धराचा एकच बाण जसा चिलखत फोडतो, देह भेदतो आणि प्राणही हरण करतो, तशी तीच शेवटच्या अर्थापर्यंत जाऊन पोहोचते. तिला मदतनिसाची गरज नाही. महिमभट्टाने तर 'व्यक्तिविवेक' हा सबंध ग्रंथच असे सिद्ध करण्यासाठी लिहिला की ज्याला तुम्ही व्यंजना म्हणता ते निव्वळ अनुमान आहे. धूर दिसला की अग्नी कळतो, तद्वत सिंह आहे असे कळले की भित्र्या माणसाने तेथे जाऊ नये हे कळते. यात शब्दाची नवी शक्ती मानण्याचे कारण काय?

महिमभट्टाचा हा आक्षेप मला नेहमीच सर्वांत भक्कम वाटला आहे, आणि म्हणून मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या पाचव्या उल्लासात त्याला दिलेले उत्तर बारकाईने पाहण्यासारखे आहे. अनुमानाला निरपवाद हेतू लागतो. भित्रा मनुष्य भयस्थानी जात नाहीच, असा नियम आहे काय? गुरूची किंवा धन्याची आज्ञा झाली, अथवा प्रिय व्यक्तीची ओढ असली, तर भित्रा मनुष्यही जातो. कुत्र्याला भिणारा सिंहालाही भिईलच, असेही नाही. एखादा वीरपुरुष कुत्र्याला टाळील आणि सिंहावर मात्र चालून जाईल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गोदेकाठी सिंह आहे हे ठरले कशावरून? कोणी पाहिला नाही, कशावरून ताडला नाही. आहे ते एका स्त्रीचे बोलणे, आणि बोलणे खरे असतेच असे नाही. न्यायाच्या कसोटीवर हा हेतू तिन्ही अंगांनी सदोष ठरतो. तरीसुद्धा ऐकणाऱ्या रसिकाला अर्थ कळतो, तत्क्षणी कळतो. म्हणजे तो अर्थ तर्काच्या मार्गाने आलेला नाही. बोलणारी कोण, ऐकणारा कोण, स्थळ कोणते, आणि तिला काय हवे आहे, या साऱ्याच्या जाणिवेतून तो उमललेला आहे. गोदातीरीचा तो सिंह कधी अस्तित्वात नव्हता असेच मानणे रास्त. पण त्याच्या डरकाळीने शास्त्रार्थाची दोन शतके दुमदुमली.

मम्मटाने मग व्यंग्यार्थ कशाकशाने उद्भवतो याची मोजदाद केली: बोलणारा, ज्याला उद्देशून बोलायचे तो, स्वराचा हेल म्हणजे काकू, वाक्य, वाच्यार्थ, जवळ तिसरे कोणी आहे काय, प्रकरण, देश, काल. या यादीत शब्दाचे स्वतःचे असे फारच थोडे आहे, हे लक्षात घ्यावे. 'सूर्य मावळला' या दोन शब्दांच्या वाक्याला त्याने जे अर्थ दाखवले, त्यांवरून हे स्पष्ट होते. सेनापतीने ते राजाला म्हटले तर शत्रूवर छापा घालण्याची वेळ झाली. मजुरांच्या तोंडी आले तर काम थांबवावे. गुराख्याने ऐकले तर गाई घराकडे वळवाव्या. कर्मठ ब्राह्मणाला संध्यावंदनाचे स्मरण. बाजारातल्या वाण्याला माल आवरण्याची सूचना. आणि वाट पाहणाऱ्या स्त्रीला, अजून तो आला नाही, ही टोचणी. 'सूर्य' आणि 'मावळणे' यांचे अर्थ या सर्वांना तेच आहेत. बदलतात ती माणसे.

एका वाक्याचे एकाच क्षणी अनेक अर्थ होऊ शकतात, हेही या मंडळींनी दाखवले. आनंदवर्धनाने दिलेल्या आणखी एका प्राकृत गाथेत एका स्त्रीच्या ओठावर दंतक्षत आहे, पती संशयाने पाहतो आहे, आणि तिची चतुर सखी तिलाच रागे भरते, की भुंगा बसलेले कमळ हुंगू नको असे बजावूनही तू ऐकले नाहीस, आता भोग. अभिनवगुप्ताने इसवी सन १००० च्या सुमारास 'ध्वन्यालोका'वर लिहिलेल्या 'लोचन' टीकेत, हे एक बोलणे तेथे कोणाकोणाच्या कानी पडते आणि प्रत्येकाला काय सांगते, याचा हिशेब मांडला आहे: पतीला ती निरपराध आहे असे सांगितले जाते, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा संशय फिटतो, सवतीला हिचे पतीवरील वर्चस्व कळते, हिला स्वतःला धीर मिळतो, आणि आडून ऐकणाऱ्या चोरट्या प्रियकराला पुढच्या खेपेस सावध राहण्याची ताकीद मिळते. भरल्या घरात, सासू-सुना-जावा-नणंदांच्या गर्दीत वाढलेल्या कोणालाही हे परके वाटणार नाही. लेकीला बोलून सुनेला ऐकवण्याची आपली जुनी रीत हीच.

युरोपीय तत्त्वज्ञांनी या प्रदेशात व्यवस्थित पाऊल टाकले ते बरेच अलीकडे. पॉल ग्राइस या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १९६७ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत एक उदाहरण घेतले: तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाच्या जागेसाठी एका उमेदवाराची शिफारस मागवली असता त्याचे गुरू एवढेच लिहितात की त्याचे इंग्रजी उत्तम आहे आणि तो वर्गाला नियमित हजर असतो. वाचणाऱ्याला कळायचे ते कळते. ग्राइसचे म्हणणे असे की संभाषण हे परस्परसहकार्य आहे, आणि त्या सहकार्याचा नियम कोणी उघड मोडताना दिसला की ऐकणारा त्या मोडण्यात हेतू शोधतो. विवेचन अतिशय तेजस्वी आहे. परंतु ते मुख्यतः गणिती तर्काचे आहे, आणि महिमभट्टाने त्याचे आनंदाने स्वागत केले असते असे मला वाटते. वाट पाहणाऱ्या स्त्रीला सूर्य मावळताना जे टोचते, ते कोणता नियम मोडल्यामुळे, याचा उलगडा मात्र त्यातून होत नाही.

आता काव्य बाजूला ठेवून मराठी दप्तराकडे वळू. जुन्या मराठी पत्राच्या मायन्यात पहिल्या ओळीतच लिहिणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा दर्जा, वय आणि नाते ठरून जाई. वडिलांकडून धाकट्याला आशीर्वाद, धाकट्याकडून वडिलांना साष्टांग नमस्कार, चाकराकडून धन्याला विज्ञापना. पत्राच्या अखेरीस 'बहुत काय लिहिणे, सुज्ञ असा' हे वाक्य येई, आणि ती केवळ शिष्टाचाराची ओळ नव्हे. लिहिले त्याहून अधिक तुम्ही समजून घ्यावे, अशी ती ध्वनीच्या अधिकाराची रीतसर सनदच आहे. तपशील कागदावर न आणता जासुदाच्या मुखजबानीवर सोपवण्याची वहिवाट होती. शब्दाच्या अभावालाही अर्थ असे. घरगुती पत्रव्यवहारात अशुभ वार्तेच्या पत्रावर माथ्याशी 'श्री' घालीत नसत आणि वाचताच ते फाडून टाकीत. लग्नाच्या पत्राच्या कोपऱ्यांना कुंकू लागलेले असे. त्यामुळे टपाल हाती आले की मजकुराआधी डोळे वरच्या कोऱ्या जागेकडे जात, आणि ती खरोखरच कोरी निघाली तर पहिली ओळ वाचण्यापूर्वीच माजघरातील बायकांना कळून चुके.

या साऱ्या रीतींत मुरलेल्या समाजाने जे एक पत्र पाहिले त्याची कहाणी मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे, आणि ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासातही ती नोंदवली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतचा संहार झाला. नानासाहेब पेशवे फौजेनिशी उत्तरेकडे निघालेले असताना, सावकारांनी बातमीसाठी ठेवलेला एक कासीद औरंगाबादेस जाताना त्यांच्या छावणीजवळ सापडला, आणि त्याच्याजवळच्या चिठ्ठीत व्यापारी परिभाषेत नुकसानीची खबर होती: दोन मोत्ये नाश पावली, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये व तांब्याची नाणी किती गेली याची गणतीच नाही. वाटेत ती चिठ्ठी कोणा तिऱ्हाइताच्या हाती पडती तर त्याला ती पेढीच्या तोट्याची वाटली असती. मुख्यार्थाला बाध असा कोठेच नाही. सावकाराच्या पत्रात मोती आणि मोहरा असायच्याच. पण वाचणारा विश्वासरावांचा बाप आणि सदाशिवरावभाऊंचा चुलतभाऊ होता, आणि काल जानेवारीचा होता. दोन मोत्ये कोणती, हे सांगण्याची गरज उरली नाही. मोहरा म्हणजे नामांकित सरदार, रुपये म्हणजे शिपाई, आणि तांबे म्हणजे फौजेमागचे बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुले. गोदातीरीच्या गाथेला लागणारी सर्व अंगे येथे आहेत, वक्ता, श्रोता, प्रकरण, देश, काल. फक्त येथे रसिक म्हणून त्रयस्थपणे पाहण्याची सोय नाही. त्या धक्क्यातून नानासाहेब सावरले नाहीत. २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांनी देह ठेवला.

या चिठ्ठीत आणखी एक अर्थ आहे, आणि तो लिहिणाऱ्याने बुद्ध्या घातला नव्हता. मोत्ये मोजली, मोहरा मोजल्या, तांबे मोजले नाही. ज्या घरांतले पुरुष तांब्याच्या नाण्यांत गेले, त्यांच्या घरी कासीद गेला नाही. कित्येकांना वर्षानुवर्षे काही कळले नसेल. माणसांची प्रतवारी नाण्यांच्या प्रतवारीवर इतकी सहज बसली, हे त्या काळाने स्वतःविषयी दिलेले निवेदन आहे, आणि ते वाचताना मन विषण्ण होते. लेखकाच्या हेतूबाहेरचे असे अर्थही भाषा वाहून नेते, आणि इतिहासकाराला पुष्कळदा त्यांचाच उपयोग अधिक होतो.

अमंगळ उच्चारू नये, या भावनेने मराठीत शब्दांची जी अदलाबदल झाली आहे, ती याच प्रदेशातली. घराबाहेर पडणारा मनुष्य 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, आणि घरातले 'या' म्हणून त्याला निरोप देतात. अक्षरार्थ घेणाऱ्याला वाटावे की कोणीतरी आत येत आहे. नारळ देवापुढे 'वाढवतात', बांगडी 'वाढवतात', संध्याकाळी वाणी दुकान 'वाढवतो'. फुटणे आणि बंद होणे यांच्या ठिकाणी नेमका उलटा शब्द बसवला, तरी ऐकणाऱ्याची गफलत कधीच होत नाही. देवीच्या रोगाला देवीच म्हटले, कारण रोगाच्या नावाने ओळखल्यास ती कोपेल अशी धास्ती होती. पण या सौम्य शब्दांची एक कठोर बाजूही आहे, आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. विधवेच्या नावामागे 'गंगाभागीरथी' लिहीत. वाच्यार्थाने याहून पवित्र उपपद दुसरे नसेल. पण पत्राच्या पाकिटावर, लग्नपत्रिकेवर, सरकारी कागदावर ते दोन अक्षरी 'गं. भा.' दिसताच त्या बाईने कोठे बसावे, कोणत्या कार्यात पुढे येऊ नये, हे सर्व ठरून जाई. आदराच्या शब्दाने बहिष्कार घालणे ही व्यंजनेची सर्वांत क्रूर करामत होय.

शेजारच्या भाषांशी तुलना केली म्हणजे आणखी एक गोष्ट प्रत्ययास येते. संस्कृत शब्द सर्व भारतीय भाषांचा समाईक ठेवा आहे, त्यामुळे बंगाली किंवा हिंदी पान हाती घेतले की आपल्याला घरात आल्यासारखे वाटते, आणि तेथेच फसगत होते. हिंदी भाषक आपल्या मुलाला 'शिक्षा' देण्यासाठी शाळेत घालतो, हे ऐकून मराठी आजी कळवळेल. शिकवणे आणि शासन करणे यांची जोडी आपल्या पंतोजींच्या छडीने इतकी घट्ट केली की सुचवलेला अर्थ हळूहळू मुख्य झाला आणि मूळचा मागे पडला; 'धडा शिकवणे' हा वाक्प्रचारही त्याच वाटेने गेला. 'चेष्टा' हिंदीत आणि बंगालीत प्रयत्न, मराठीत टिंगल. 'अभिमान' वेदान्तात त्याज्य अहंकार, मराठीत देशाचा आणि भाषेचा बाळगावा असा सद्गुण, आणि बंगालीत जिवलग माणसाने दुखवल्यावर मनात धरलेली मूक व्यथा, जी परक्या माणसाविषयी वाटूच शकत नाही. आपल्या 'रुसव्या'त तिचा थोडा अंश आहे, पण रुसवा दिसावा म्हणून असतो, आणि अभिमान गिळायचा असतो.

सर्वांत उद्बोधक इतिहास 'संसार' या शब्दाचा. संस्कृतात तो जन्ममरणाचा अखंड फेरा, हिंदीत जग, मराठीत मात्र घरदार, नवराबायको, मुलेबाळे, चूलबोळकी. नव्या जोडप्याला आपण 'संसार सुखाचा होवो' असा आशीर्वाद देतो, तेव्हा एखाद्या जुन्या वैराग्यशील पंडिताला तो शाप वाटला असता. 'प्रपंच' याचेही तसेच. कानडीत तो जग, आपल्याकडे गृहस्थी. असे का व्हावे याचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि माझी अशी धारणा झाली आहे की यात वारकरी परंपरेचा वाटा असावा. पैठणात गृहस्थाश्रम चालवणारे एकनाथ, देहूत दुकान आणि कुटुंब सांभाळताना होरपळलेले तुकाराम, यांनी फेऱ्यातून सुटण्याची गोष्ट चुलीपाशी बसलेल्या माणसांना सांगितली. ऐकणाऱ्या बाईच्या दृष्टीने तो फेरा म्हणजे दळण, पाणी, लेकरे आणि सासर हाच होता. तत्त्वज्ञानाचा शब्द घरात आला आणि घराचा होऊन राहिला. वैराग्याचा मूळ सूरही त्यात शिल्लक आहेच. 'संसार कोणाला चुकला आहे' या उद्गारात समाधान आणि शीण दोन्ही एका श्वासात ऐकू येतात, आणि कोणत्याही कोशात ते शेजारी शेजारी छापता येणार नाहीत.

शब्दाचा व्यंग्यार्थ राजाज्ञेने बदलता येतो काय, याचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रात झाला. ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा दरबाराची भाषा फारसीने व्यापलेली होती. महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या 'राज्यव्यवहारकोशा'त, जो रघुनाथपंडितांच्या नावावर आहे, सुमारे चौदाशे व्यावहारिक शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, आणि अष्टप्रधानांच्या पदव्या बदलल्या: पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. काम तेच; वाच्यार्थात काडीचा फरक नव्हता. पण 'मुजुमदार' म्हणताच ज्या दिल्ली-विजापूरच्या तख्ताची सावली पडत असे, ती 'अमात्य' म्हणताच नाहीशी होत होती, आणि त्या सावलीसाठीच हा सारा उद्योग होता. केवळ ध्वनीसाठी एवढे मोठे राजकारण केलेले दुसरे उदाहरण सहजी सापडणार नाही.

त्याचे फळ मात्र समसमान आले नाही. सेनापती, सचिव, अमात्य, मंत्री हे शब्द रुळले. जमाखर्च, दप्तर, फडणीस, जमीन, कागद, शिक्का यांना लोकांनी हलू दिले नाही. त्यांत परकेपणाचा सूर त्यांना कधी ऐकूच आला नव्हता. आणि सर्वांत थोर पदाची गोष्ट तर विलक्षण झाली. पुढे शंभर वर्षे पुण्याहून निघणाऱ्या कागदांवर मुद्रा उमटत होती ती 'मुख्य प्रधान' अशी, पण रयतेच्या, सरदारांच्या आणि शत्रूंच्याही तोंडी नाव राहिले 'पेशवे' हेच. बाजीरावाने उत्तरेत घोडदौड करून त्या फारसी शब्दात असा काही मराठी दरारा भरला की त्याला पर्यायाची आवश्यकता उरली नाही. त्याच पदाचे दुसरे नाव असलेला, बाजूला पडलेला 'पंतप्रधान' हा शब्द पुढे मराठीने दिल्लीच्या सर्वोच्च मंत्र्यासाठी उचलला. हिंदीत त्याच पदाला 'प्रधानमंत्री' म्हणतात. 'पंत' हे उपपद फक्त मराठी वाचकाच्या वाट्याला आले, आणि रोज सकाळी तो ते वाचतो.